फोन माझ्याकडेच राहील

सकाळी ६.१५, मंचर

गॅसवर चहा ठेवला की सर्व्हिसचा मोबाइल चालू करायचा. रात्रीतून आलेल्या मेसेजचे तीन ढीग पडतात. पहिला ढीग कामाचा: कंट्रोलरच्या डिस्प्लेचे फोटो, काळ्या पडलेल्या कनेक्टरचे फोटो, नाहीतर नुसतंच ‘मोटार बंद हाय’. दुसरा ढीग शुभ सकाळचा: विठ्ठल, गुलाब, उगवता सूर्य. ही मंडळी सगळ्यांनाच पाठवतात, त्यांचा राग नाही. तिसरा ढीग लहान असतो, पण असतो. रात्री पावणेअकराला ‘जेवलात का मॅडम’. सव्वाअकराला ‘झोपलात वाटतं’. त्यात पंपाचं नाव कुठंच नसतं.

मी सौर कृषिपंपांच्या सर्व्हिस सेंटरमध्ये तांत्रिक मदतीचं काम करते. शिक्षण आयटीआय, इलेक्ट्रिशियन ट्रेड. अर्धा दिवस फोनवर, अर्धा दिवस शेतात. सेंटर नारायणगावला, आणि जुन्नर, आंबेगाव हे दोन तालुके आमच्याकडे. सुरुवातीला ग्राहकांना आमचे स्वतःचे नंबर दिले जायचे, त्यामुळे ‘झोपलात वाटतं’ थेट उशाशी यायचं. खूप वाद घातल्यावर सेंटरचा एकच मोबाइल आला. तो संध्याकाळी सातला बंद होतो आणि पाळीपाळीने एकेकाच्या घरी जातो. तिसऱ्या ढिगाला उत्तर द्यायचं नाही. स्क्रीनशॉट काढायचा, तारीख टाकायची, फोल्डरमध्ये ठेवायचा. तोवर चहा उकळतो.

सकाळी ७.४५, एसटीत

मंचरहून नारायणगावला जाताना कळंबला घोड नदी लागते. दोन्ही अंगांना ऊस. कुठं तोड झालेली, कुठं अजून उभा. आमच्याकडे सौरपंप एवढे का लागले, याचं उत्तर या उसातच दडलेलं आहे. शेतीची थ्री फेज लाइट पाळीने येते, कधी दिवसा, कधी रात्री. रात्रीची पाळी आली की बॅटरी घेऊन बारं द्यायला जायचं, आणि बिबट्या असतो त्याच उसात. जुन्नर वनविभागाचे जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर हे चारही तालुके बिबट्यासाठी ओळखले जातात. माणिकडोहला तर खास बिबट निवारा केंद्र आहे. म्हणून ‘दिवसा लाइट द्या’ ही इथली जुनी मागणी. सौरपंप तेवढं एक काम चोख करतो: ऊन असेल तेव्हाच चालतो, शेतकऱ्याला रात्री रानात जावं लागत नाही.

‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ या राज्याच्या योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याने किमतीचा दहा टक्के हिस्सा भरायचा, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने पाच टक्के. अडीच एकरापर्यंत ३ एचपी, पाच एकरापर्यंत ५ एचपी, त्यापुढे साडेसात. पाच वर्षं दुरुस्तीची जबाबदारी पुरवठादाराची. ती पाच वर्षं म्हणजे आमचा फोन.

सकाळी ८.४५, सेंटर

ऊन कोवळं असतं तोवर फोन गप्प असतो. पॅनलवर पुरेसा उजेड पडल्याशिवाय पंप उचलत नाही आणि तो उचलला नाही हे कळायला शेतकऱ्याला नऊ वाजतात. मार्च महिना. द्राक्षांची तोडणी चालू, उन्हाळी टोमॅटोची रोपं नुकती लागलेली, कांद्याला शेवटची पाणी. या दिवसांत एक दिवस पाणी चुकलं तर शेतकऱ्याचा जीव टांगणीला लागतो, हे मला माहीत आहे. आमच्याही घरी शेती आहे. म्हणून चढ्या आवाजाचं मला काही वाटत नाही. पुरुष सहकाऱ्यालाही लोक ओरडतात. ओरडून झालं की तो विचारतो ते प्रश्न ऐकून घेतात, फरक तिथं आहे.

सकाळी ९.४०

“हॅलो, सर्व्हिस सेंटर का? मोटार चालू हाय पण पाणीच फेकत नाय.”

“दादा, पंप किती एचपीचा?”

“आवं, जरा माणूस असंल तर द्या ना फोनवर.”

“मीच तांत्रिक बघते. किती एचपी?”

“तसं नाय ओ ताई, तुम्ही तक्रार लिहून घ्या. मला मोटरीचं विचारायचंय.”

“मोटरीचंच सांगते. गेल्या काही दिवसांत मोटर बोअरमधून वर काढली होती का?”

पलीकडे जरा शांतता. “हां. काढली व्हती. केबल बदलली.”

आता निदान जवळजवळ झालेलं असतं. पंपाची मोटर तीन फेजची. वर काढून केबल नव्याने जोडताना तीनपैकी दोन वायरींची अदलाबदल झाली की मोटर उलटी फिरते. आवाज येतो, डिस्प्लेवर सगळं ठीक दिसतं, पाणी मात्र थोडंसंच येतं. आमच्या कंट्रोलरमध्ये फिरण्याची दिशा कीपॅडवरूनच बदलता येते. झाकण उघडायला नको, वायरीला हात लावायला नको.

हे सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, “बरं, साहेब आले की त्यांना फोन करायला सांगा.” फोन ठेवला.

पूर्वी अशा वेळी काय व्हायचं ते सांगते. मी फोन शेजारच्या सहकाऱ्याकडे द्यायची. तो रिसीव्हरवर हात ठेवून मला विचारायचा, “काय सांगू?” मी सांगायची, “मोटर उलटी फिरतेय, दिशा बदलायला सांग.” तो तेच शब्द पलीकडे पोचवायचा. पलीकडून ताबडतोब “हां साहेब, करतो साहेब.” पंप सुरू व्हायचा, सगळे खूश. ग्राहकाच्या मनात मात्र पक्कं बसायचं की बाईला कळत नव्हतं, साहेबांनी सांगितलं. पुढच्या वेळी तो पहिल्या वाक्यातच साहेब मागायचा, आणि त्याच्या ओळखीचे चार जणही.

म्हणून आम्ही ठरवलं: तांत्रिक कारण असल्याशिवाय फोन दुसऱ्याकडे जाणार नाही. हा नियम मालकांच्या गळी उतरवायला स्त्री-पुरुष समानतेचं भाषण उपयोगी पडलं नाही. एका तक्रारीला दोन माणसं अडकतात आणि दुसरी लाइन वाजत राहते, एवढा हिशेब मात्र पटला. ठीक आहे, पटण्याशी मतलब.

सकाळी ११.००

अकराच्या सुमाराला बायकांचे फोन येतात. घरातला पुरुष मार्केटला गेलेला असतो, नारायणगावला टोमॅटो नाहीतर आळेफाट्याला कांदा घेऊन, आणि रानात पंपाशी ती एकटी असते.

आमच्या यादीत गंमत दिसते. अर्जावर नाव बाईचं, कारण सातबाऱ्यावर तिचं नाव आहे. मोबाइल नंबर मात्र नवऱ्याचा नाहीतर पोराचा. आमच्या याच पुणे-नाशिक महामार्गावर चाकणला शरद जोशींनी शेतकरी संघटनेचं कांद्याचं आंदोलन उभं केलं, आणि त्याच संघटनेने पुढे बायकोच्या नावावर जमीन करण्याचा ‘लक्ष्मी मुक्ती’ कार्यक्रम गावोगाव नेला. १९९२ मध्ये सरकारनेही त्याची दखल घेऊन निर्णय काढला. जमिनीवर नाव लागायला तेवढी खटपट करावी लागली. तक्रारीच्या नंबरापर्यंत ते नाव अजून पोचलेलं नाही. पंप दुरुस्त झाल्याचा ओटीपी मार्केटमध्ये कुणाच्या तरी खिशात वाजतो आणि पंपापाशी उभी असलेली मालकीण म्हणते, “थांबा, त्यांना फोन लावते.”

आजचा फोन सातगाव पठारावरच्या एका मावशींचा. कंट्रोलर सुरू होतो आणि बंद पडतो. मी विचारलं, दिवा कुठल्या रंगाचा. “तांबडा. लुकलुकतोय. थांबा, मोजते.” मोजलं, सांगितलं. विहिरीत पाणी किती? “काल परवापासून तळाला गेलंय, पायऱ्या उघड्या पडल्यात.” म्हणजे ड्राय रन. पाणी कमी पडलं की मोटर जळू नये म्हणून कंट्रोलर स्वतःच पंप थांबवतो, काही वेळाने पुन्हा चालू करून बघतो. बिघाड नाही, विहीर भरायला वेळ द्या. फोन चटकन संपला. मावशींना जे दिसत होतं ते त्यांनी सांगितलं. मधे कुणाला मोठं दाखवायचं नव्हतं की कुणाला लहान.

पण सगळ्या बायका अशाच, असं म्हटलं तर खोटं होईल. “तुमचे इंजिनिअर कधी येतील?” हे बायकाही विचारतात. “लग्न झालं का गं? मग सासरचे पाठवतात का असल्या कामाला?” हे तर बायकाच विचारतात.

दुपारी १२.३०, खोडदच्या बाजूला

बरोबर आयटीआयचा शिकाऊ मुलगा आहे, वय एकोणीस. त्याला सेंटरवर येऊन फार दिवस झालेले नाहीत. गाडीतून उतरलो की शेताचे मालक त्याच्याकडे वळतात. खुर्ची त्याला, पाणी त्याला, आणि “साहेब, बघा बरं जरा” हेही त्यालाच. पोरगा कानापर्यंत लाल होतो आणि म्हणतो, “मॅडमना विचारा.” हे त्याला मी शिकवलेलं नाही, त्याचं त्यालाच सुचलं. त्याचा मला फार आधार वाटतो.

शेताच्या मागे जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या तबकड्या दिसतात. जीएमआरटीच्या तीस तबकड्या, एकेक ४५ मीटर व्यासाची. त्यांतल्या चौदा इथं जवळजवळ आहेत, बाकीच्या तीन दिशांना दूरवर पसरलेल्या. मालक कौतुकाने सांगत होते, जगभरचे शास्त्रज्ञ आमच्या गावाला येतात, बाया पण असतात त्यांच्यात, बाहेरच्या देशातल्या. मी तोवर बॅगेतून मीटर काढला. तो पाहून त्यांचा सूर बदलला. “तुम्हाला जमंल का? करंट हाय त्यात.”

करंट आहे, हे खरंच. आणि साधा नाही. पॅनलची माळ एकामागे एक जोडलेली असते, ५ एचपीच्या पंपाला ४८०० वॅटचे पॅनल. दोन टोकांत चारशे व्होल्टच्या पुढे डीसी दाब मिळतो. लाइटसारखा तो खांबावरून बंद करता येत नाही. पॅनलवर ऊन आहे तोवर तार जिवंत. भार चालू असताना कनेक्टर ओढला तर ठिणगी विझत नाही, लांबत जाते. म्हणून आधी कंट्रोलर बंद, मग आयसोलेटर बंद, काही मिनिटं थांबायचं, रबरी हातमोजे, आणि मगच मीटर. हे सगळं मी मोठ्याने बोलत करते. शिकाऊ मुलाला शिकवणं होतं आणि मालकांनाही ऐकू जातं.

एका जागी कनेक्टर नीट बसलेला नव्हता, तापून वितळला होता. कापला, नवा क्रिंप केला, ओढून पाहिला, पुन्हा दाब मोजला. पंप चालू. पाटात पाणी पडलं तसे मालक खुलले. म्हणाले, “ती बीडची बाई पाहिली होती मोबाइलवर, खांबावर सरसर चढणारी. तुम्ही पण तसल्याच.”

त्यांना म्हणायचं होतं ते उषा जगदाळेंबद्दल. बीड जिल्ह्यातल्या महावितरणच्या तंत्रज्ञ. २०२० मध्ये, टाळेबंदीच्या काळात, त्यांचा खांबावर चढतानाचा व्हिडिओ सगळीकडे फिरला होता. तुलना मोठी होती, मी हसून घेतली. पण परतीच्या वाटेवर विचार आला की खांबावर चढणाऱ्या बाईला टाळ्या मिळतात त्या ती अचंबा वाटते म्हणून. मला अचंबा नको आहे. शिकाऊ पोराला गाडीतून उतरल्या उतरल्या, काही न करता जेवढा विश्वास मिळाला, तेवढाच मला मीटर काढण्याआधी मिळाला तर माझं काम भागेल.

दुपारी २.१५, डबा

जेवताना एक फोन घेतला. तक्रार किरकोळ, पॅनलवर धूळ आणि पक्ष्यांची घाण. सकाळी ऊन तापायच्या आत साध्या पाण्याने धुवा, असं सांगितलं. फोन ठेवताना गृहस्थ म्हणाले, “आवाज लई गोड हाय तुमचा. म्हणून तुम्हाला बसवलंय व्हय फोनवर?”

हा तर्क जुना आहे. अमेरिकेत बोस्टनच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये सुरुवातीला पोरं कामाला होती. ती ग्राहकांशी उद्धटपणे बोलायची, शिव्या द्यायची, म्हणून १८७८ च्या सप्टेंबरमध्ये एम्मा नट या बाईंना नेमलं आणि पुढे ते काम बायकांचंच झालं. शांत आवाज आणि ऐकून घेण्याची तयारी, ही त्या नोकरीची पात्रता ठरली. २०१९ मध्ये युनेस्कोच्या एका अहवालाने दाखवून दिलं की मोबाइलमधल्या बहुतेक बोलक्या सहायकांनाही तेव्हा बाईचाच आवाज दिलेला होता, आणि शिवी दिली तर त्यांतले काही लाजून उत्तर द्यायचे. म्हणजे पलीकडच्याने काहीही बोलावं आणि इकडून गोडच यावं, ही अपेक्षा तारेबरोबरच जन्मली आणि तार गेली तरी टिकली. माझा आवाज गोड असेल तर असो. फोनवर मला बसवलंय ते डिस्प्लेवरचा बिघाड मला ओळखता येतो म्हणून.

दुपारी ३.२०

काही फोन पंपासाठी नसतातच. आज एक आला. पहिली दोन वाक्यं मोटरीची, तिसरं माझ्या कपड्यांचं, चौथं इथं लिहिण्यासारखं नाही.

यावर आमच्याकडे ठरलेली पद्धत आहे. एकदा बजावायचं: “हा कॉल रेकॉर्ड होतोय, कामाचं बोला.” पुन्हा तेच आलं की फोन ठेवायचा. वही उघडायची, वेळ आणि ग्राहक क्रमांक लिहायचा, मालकांच्या कानावर घालायचं. रडायचं असेल तर मागच्या स्टोअरमध्ये जागा आहे, पण वही आधी.

“ग्राहक आहे, सोडून द्या” हे वाक्य मी याआधी एका नोकरीत ऐकलेलं आहे. कायदा तसं म्हणत नाही. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा बहुतेकांना सहकारी आणि साहेबांपुरता वाटतो. त्याच्या १९ व्या कलमात मालकाची कर्तव्यं दिली आहेत. त्यांत कामाच्या ठिकाणी संपर्कात येणाऱ्या बाहेरच्या माणसांपासून सुरक्षितताही धरलेली आहे, आणि त्रास देणारा कर्मचारी नसेल तरी बाईची इच्छा असल्यास फौजदारी कारवाई सुरू करून देणंही. कामानिमित्त ती जिथं जाते ती जागाही कामाचं ठिकाण धरली जाते, म्हणजे खोडदचं शेतसुद्धा. दहापेक्षा कमी माणसांच्या आस्थापनेत अंतर्गत समिती नसते. तिथल्या बाईने जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं. शिवाय १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत लैंगिक छळाला कलम ७५, नको म्हटल्यावरही मागे लागण्याला ७८ आणि अश्लील शब्द-हावभावांना ७९ आहे.

तरी एक पेच उरतो. त्या माणसाचा पंप वॉरंटीत आहे. पाच वर्षांची दुरुस्ती हा त्याचा हक्क, आणि पाणी त्याच्या एकट्याचं नाही, घरच्यांचंही आहे. पंप बंद ठेवून त्याला धडा शिकवायचा म्हटलं तर सुकणार मिरचीची रोपं. म्हणून त्या ग्राहक क्रमांकापुढे आम्ही लिहिलं: तक्रार फक्त लेखी, भेटीला दोघे तंत्रज्ञ, नोंदलेला नंबर बदलून घरातल्या दुसऱ्या व्यक्तीचा घ्यावा. पंपाचा हक्क शाबूत आहे. माझ्याशी वाटेल ते बोलण्याचा हक्क त्याला कधी नव्हताच.

संध्याकाळी ५.००

ऊन उतरलं की फोन उतरतात. दिवसभरातल्या तक्रारी ‘मिटली’ की ‘बाकी’ हे विचारायला मी उलटे फोन लावते. सकाळच्या ९.४० च्या ग्राहकाला लावला.

“झालं, झालं. आमच्या वायरमनला बोलावला. त्यानं बरोब्बर वळखलं, मोटार उलटी फिरत व्हती. दोन वायरी बदलल्या, तीनशे रुपये घेतले.”

“किती वाजता चालू झाला पंप?”

“दीड-दोन झाले असतील. त्याला यायला येळ लागला.”

मी सकाळी जे सांगितलं होतं त्याला दोन बटणं दाबावी लागली असती. पावणेदहाला पाणी सुरू झालं असतं आणि तीनशे रुपये खिशात राहिले असते. हे मी त्यांना म्हटलं, शांतपणे. ते म्हणाले, “असंल.” अजून एक भानगड होती. बाहेरच्या माणसाने कंट्रोलरचं झाकण उघडलं, सील तुटलं, म्हणजे कागदोपत्री वॉरंटीवर प्रश्न. मालकांनी विचारलं, नोंद करायची का? मी तक्रारीच्या खाली लिहिलं: ‘निदान सेंटरने सकाळी फोनवर दिले. त्याप्रमाणे स्थानिक वायरमनकडून दुरुस्ती. सील पुढील भेटीत बदलावे.’ त्यांची वॉरंटी वाचली, आणि निदान कुणाचं होतं तेही कागदावर राहिलं.

संध्याकाळी ६.००

महिन्याचा तक्ता आज बंद करायचा आहे. त्यात प्रत्येकाच्या नावापुढे दोन आकडे असतात: एका फोनला सरासरी किती मिनिटं लागली आणि किती तक्रारी पहिल्याच फोनवर मिटल्या. पगारवाढीच्या वेळी हेच दोन आकडे काढले जातात. माझे फोन लांबतात. माझ्याबरोबरच्या दुसऱ्या मुलीचेही लांबतात. पुरुष सहकाऱ्यांचे कमी वेळात संपतात. तक्ता बघणाऱ्याला वाटणार, या दोघी हळू आहेत.

फोन का लांबतात ते तक्त्यात कुठंच लिहिलेलं नसतं. “माणूस द्या”, “साहेब कधी येतील”, “तुम्हाला कळतं का यातलं”, या सगळ्यातून वाट काढून पहिल्या तांत्रिक प्रश्नापर्यंत पोचायला जी मिनिटं जातात ती माझ्या नावावर पडतात. सकाळची तक्रार ‘पहिल्या फोनवर मिटली नाही’ या खान्यात गेली, तीही माझ्या नावावर. ग्राहकाने अविश्वास दाखवायचा आणि त्याचं बिल माझ्या पगारातून वळतं व्हायचं, असा हा व्यवहार आहे. टोमण्यांनी मन दुखतं ते संध्याकाळपर्यंत विसरता येतं. तक्त्यातला आकडा वर्षभर राहतो.

मालकांपुढे वही ठेवली आणि म्हटलं, एक रकाना वाढवू या: ‘ग्राहकाने पुरुष कर्मचारी मागितला: हो/नाही’. त्यापुढे ‘दिलेला सल्ला’ आणि ‘शेवटी झालेली दुरुस्ती’. दोन्ही सारखे असतील तर ती तक्रार पहिल्या फोनवरच मिटली असं धरायचं. ते म्हणाले, “त्याने काय होणार? लोक थोडेच बदलणारेत.” मी म्हटलं, लोक बदलतील तेव्हा बदलतील, आपला तक्ता आजच बदलता येतो. शिवाय वायरमनला दिलेले पैसे आणि वाया गेलेले तास असे महिन्याभराचे एकत्र लिहिले, तर पुढच्या शेतकरी मेळाव्यात ग्राहकांनाच दाखवता येतील. तीनशे रुपयांचं नाव निघालं की आमच्याकडे माणूस कान देऊन ऐकतो.

“एक महिना करून बघू,” मालक म्हणाले. मी पट्टी घेतली आणि रकाना आखला. पहिली ओळ आजच्याच तारखेची भरली: ९.४०, हो, दोन्ही सारखे.